पट्ट्याचा दोष

तर्कशास्त्र शिकविणाऱ्या मनुष्यानें घरच्या गोष्टींत तर्क चालवूं नये, असा कांहीं सृष्टीचा संकेत असावा. निदान आमचा अनुभव तरी तसाच आहे. गेलीं अठ्ठावीस वर्षें आम्ही विद्यार्थ्यांना कार्यकारणाचे नियम सांगत आलों आहों. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतील अन्वयाची व व्यतिरेकाची पद्धत फळ्यावर लिहितां लिहितां आमच्या सदऱ्याच्या बाह्या खडूनें पांढऱ्या झाल्या. परंतु आमच्या मोटारीचा पट्टा दोन वर्षांत चार वेळां तुटला, तेव्हां चारही वेळां आम्हीं एकच निदान केलें. तें हें कीं, पट्टा वाईट होता.

ही मोटार म्हणजे आमच्या वडिलांची फियाट. कागदोपत्रीं तिचें नांव प्रीमिअर पद्मिनी. पण आमच्या घरीं तिला कोणीं पद्मिनी म्हटल्याचें स्मरत नाहीं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलींतील फियाटच्या नमुन्यावर ही गाडी तयार होत असे, आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हें नांव मिळालें. १०८९ घन सेंटिमीटरचें चार नळकांड्यांचें इंजिन, सुकाणूच्या दांड्यालाच जडलेला गिअरचा दांडा, आणि पुढें तिघांना बसतां येईल असें सलग आसन, हें तिचें वैभव. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळें ती सर्वांच्या इतक्या ओळखीची झाली कीं, ऑक्टोबर २०२३ मध्यें शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हां जे जन्मांत टॅक्सींत बसले नव्हते तेही हळहळले. वडिलांनीं आमची गाडी १९७८ सालीं घेतली. ते गेल्यावर वांटणी झाली ती अशी: कुणकेश्वरचें घर व हापूसचीं कलमें धाकट्या बंधूंकडे, गाडी आमच्याकडे, आणि आई दोघांकडे.

हा शेवटचा शब्द लिहितांना लेखणी किंचित् अडखळते. दोघांकडे म्हणजे सहा महिने आमच्याकडे कोल्हापुरास, आणि उरलेले सहा महिने कुणकेश्वरास. ठराव कागदावर निर्दोष होता. समान वांटणीहून अधिक न्याय्य तें काय असावें? परंतु आई आमच्याकडे आली म्हणजे गप्प असे. आणि आमची अशी खात्री झाली कीं, तिकडे तिची आबाळ होते. ती परत तिकडे गेली म्हणजे तेथेंही गप्पच असे. आणि बंधूंची अशी खात्री झाली कीं, ‘शिकलेल्या घरांत’ तिला कोणी विचारीत नाहीं. या दोन खात्र्या गेलीं तीन वर्षें आमच्यांत चालत आल्या होत्या. भांडण म्हणावें असें कांहीं झालें नाहीं. सुशिक्षित घरांत भांडणें होत नाहींत. तेथें दूरध्वनीवरील बोलणें आंखूड होतें, इतकेंच.

आतां पट्ट्याकडे वळूं. या इंजिनाच्या पुढच्या अंगास तीन कप्प्या असतात. कारागीर त्यांना पुली म्हणतात. खालची मुख्य दांड्याची, वरची पाण्याच्या पंपाची व पंख्याची, आणि बाजूची वीज उत्पन्न करणाऱ्या डायनामोची. तिहींवरून एकच पट्टा फिरतो. हा पट्टा पाचरीच्या आकाराचा असतो. तो खोबणीच्या तळाला टेकत नाहीं, दोन्ही बाजूंच्या उतरत्या कडांवर दाबून बसतो. आणि या पाचरीच्या युक्तीमुळें त्याची पकड सपाट पट्ट्याच्या सुमारें तिप्पट होते. पण पकड कडांची, म्हणूनच झीजही कडांची. एक कप्पी इतरांच्या पातळींतून दोन-चार मिलिमीटर सरली, तर पट्टा प्रत्येक फेऱ्यास खोबणींत तिरपा शिरतो, एका कडेनें घांसतो, ओरडतो, त्याची काळी पूड पडते, आणि अखेर तो तुटतो. त्याबरोबर पंप थांबतो, पंखा थांबतो, आणि घाट चढत असतां इंजिनांतलें पाणी उकळूं लागतें.

हें ज्ञान आज आम्ही येथें मोठ्या ऐटीनें मांडीत आहों. तेव्हां तें आम्हांस नव्हतें. तीन वर्षांपूर्वीं जुन्या डायनामोच्या जागीं आम्हीं अल्टरनेटर बसवून घेतला. डायनामो इंजिन मंद चालत असतां वीज फारशी देत नाहीं. रात्रीं गाडी उभी राहिली कीं दिवे मलूल होत. अल्टरनेटरला तो दोष नाहीं. पण त्याची बैठक निराळी. नवा कंस घ्यावा लागेल असें कारागिरानें स्पष्ट सांगितलें असतां, ‘जुन्यावरच बसवा’ हा आग्रह आमचा होता. काटकसर हा मध्यमवर्गाचा सद्गुण खरा. परंतु त्याची किंमत पुष्कळदां दुसराच कोणी तरी देत असतो.

पट्टा ओरडूं लागल्यावर एकदां आम्हीं मुलाची लांकडी पट्टी घेऊन कप्प्यांच्या तोंडांना लावून पाहिली होती. तिन्ही तोंडें एका रेषेंत दिसलीं. आम्हीं समाधानानें हात धुतले आणि चौथा पट्टा विकत आणला.

यंदा महाशिवरात्रीची यात्रा आटोपल्यावर दोन दिवसांनीं आम्ही आईला आणावयास कुणकेश्वरास निघालों. तिच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती आणि सोमवार ठरला होता. फोंडाघाट उतरून खालीं आलों, तोंपर्यंत पट्टा नुसता ओरडत होता. गांव दोन मैलांवर राहिलें असतां तो तुटला. तांबडा दिवा लागला, उष्णतेचा कांटा चढूं लागला. थांबत, थंड होऊं देत, आम्ही कसेबसे घरीं पोहोंचलों. देवळापुढच्या वाळूंत यात्रेच्या दुकानांचे बांबू अद्याप उभे होते. समुद्रस्नानास आलेल्या देवांच्या पालख्या परतल्या होत्या. बंधु अंगणांत उभे होते. गाडीच्या नाकांतून निघणारी वाफ पाहून ते म्हणाले, “दादा, ह्या गाडीतसून तूं आयेक घाटार नेतलंस?”

प्रश्नांत काळजी किती व टोंचणी किती, याचें पृथक्करण करण्यास आम्ही थांबलों नाहीं. ‘पांचवा पट्टा जवळ आहे’, असें उत्तर दिलें. बंधु कांहीं न बोलतां बाहेर गेले आणि शेजारचे एक वृद्ध गृहस्थ घेऊन आले. यांचें सारें आयुष्य कुर्ल्यास कारखान्यांत फिटर म्हणून गेलेलें. कोंकणांतील किती घरांचा संसार मुंबईच्या गिरण्यांनीं व कारखान्यांनीं चालविला हें सर्वश्रुत आहे. पण त्या नोकरीवरून निवृत्त होऊन परतणारा मनुष्य नुसतें निवृत्तिवेतन आणीत नाहीं, हातही आणतो.

त्यांनीं प्रथम तुटलेला पट्टा मागितला आणि वाती वळाव्या तसा तो बोटांत फिरविला. एक कड कांचेसारखी तुळतुळीत झाली होती, दुसरी बहुतेक कोरी. मग पंपाची कप्पी हातानें हलवून तिच्यांत ढिलेपणा नाहीं हें पाहिलें. आमची पट्टी पाहून ते हंसले. कप्प्यांच्या तोंडांवर विश्वास ठेवूं नये. नव्या कप्पीचा कांठ जाड, जुनीचा पातळ. तोंडें जुळलीं म्हणून खोबणी जुळल्या असें होत नाहीं. पाहावयाची ती खोबण.

मग त्यांनीं मासे धरण्याचा तंगूस मागविला. एक टोंक आमच्या हातीं दिलें, दुसरें बंधूंच्या. आम्हीं खालीं वांकून तें मुख्य कप्पीच्या खोबणींत धरावयाचें, बंधूंनीं वरून अल्टरनेटरच्या पलीकडे ताणावयाचें. “दोगांनीव सारक्याच जोरान वडा,” ते म्हणाले, “एकट्यान वडून सूत कळणा नाय.” आम्हीं दोघांनीं ओढलें. एकाच दोरीचीं दोन टोंकें आम्हां भावांच्या हातीं तीन वर्षांत प्रथमच आलीं होतीं, ही गोष्ट त्या क्षणीं आमच्या ध्यानांत आली. बंधूंच्याही आली असावी, कारण त्यांनीं आमच्याकडे पाहण्याचें टाळलें.

तंगूस अल्टरनेटरच्या खोबणीच्या मध्यावर पडावयास हवा होता. तो पुढच्या कांठावर पडत होता. कप्पीच्या दोन्ही अंगांस अंतर सारखेंच, सुमारें चार मिलिमीटर. म्हणजे कप्पी तिरपी नव्हती, सरळच होती, फक्त मागें सरलेली होती. “मास्तरांनू, पट्ट्याचो काय दोष? पट्टे चार बदललात, पन वाट तीच ठेवलात.”

अठ्ठावीस वर्षें शिकविलेली अन्वयपद्धति आमच्यापुढें अशी उभी राहिली. चार पट्टे, चार निरनिराळ्या दुकानांतले, निरनिराळ्या ऋतूंत घातलेले, परिणाम एकच. अशा वेळीं सर्व उदाहरणांत समान असें जें असेल तेथें कारण शोधावें, हें आमच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असतें. समान होती ती वाट. आणि ती वाट आम्हींच आंखून दिली होती.

दुरुस्ती म्हणाल तर हास्यास्पद वाटावी इतकी लहान. कंस आणि अल्टरनेटर यांच्यामधली फट भरण्यासाठीं दोन वायसर घातल्या होत्या, त्या मागच्या बाजूस. त्यांनीं बोल्ट काढून त्याच दोन वायसर पुढच्या बाजूस घातल्या. यंत्र तितकेंच पुढें आलें. वरची ताणपट्टी आतां यंत्राला ओढून तिरपें करील म्हणून तिच्याखालीं एक पातळ वायसर घातली. पुन्हां तंगूस धरविला. या खेपेस तो दोन्ही खोबणींच्या मध्यावर निजला. मग आमचा पांचवा पट्टा चढविला, आणि लांब अंगाच्या मध्यावर अंगठ्यानें दाबून तो अर्धा इंच लवतो हें पाहिलें. फार ताणला तर पंपाचे व अल्टरनेटरचे बेअरिंग खातो, ढिला सोडला तर घसरतो. तुटका पट्टा जोडून चालवितां येणार नव्हताच. पण न तुटलेलाही जुना असता तर ठेवला नसता, असें ते म्हणाले. एका कडेनें झिजलेला पट्टा सरळ वाटेवरही नीट बसत नाहीं.

ते चहा घेऊन गेले. पैसे घेतले नाहींत. आम्ही दोघे हात पुसत उभे होतों. पडवींत आई बसली होती. तिच्यापर्यंत आमचें बोलणें पोहोंचत होतें, गाडी मात्र तिला धूसरच दिसत असावी. तिनें विचारलें, “पट्टो खराब होतो?” आम्ही उत्तर देण्यापूर्वींच बंधु म्हणाले, “नाय गे आये. पट्टो बरो होतो.”

त्यापुढें आम्हां दोघांनाही कांहीं बोलवेना. पट्टा बाजारांत मिळतो, हा विचार आमच्या मनांत आला. आणि त्याच्या मागोमाग जो विचार आला तो येथें लिहिण्याची गरज नाहीं. दोन घरांपैकीं कोणत्याही घरांत आबाळ नव्हती. दोन्ही घरें आपापल्या जागीं सरळच होतीं. तीं एकमेकांच्या पातळींत नव्हतीं, आणि त्या दोहोंमधून दर सहा महिन्यांनीं फिरत होती ती ब्याऐंशी वर्षांची एक बाई. इकडचें तिकडे सांगावयाचें नाहीं, तिकडचें इकडे सांगावयाचें नाहीं, म्हणून ती दोहोंकडे गप्प होती. आम्हीं तिच्या त्या गप्पपणाचीं कारणें शोधलीं, औषधें आणलीं, डॉक्टर बदलले. सूत कोणींच धरून पाहिलें नाहीं.

वायसर इकडच्या तिकडे करण्याइतकें हें सोपें नाहीं, हें आम्ही जाणतों. बागेच्या हिशेबाचा प्रश्न आहे, वडिलांच्या आजारपणांतल्या खर्चाचा प्रश्न आहे. ते तसेच उभे आहेत. परंतु त्या रात्रीं जेवतांना आम्हीं बंधूंना म्हटलें, “उद्यां तूंही चल. शस्त्रक्रियेच्या वेळीं दोघे असूं.” कलमांवर फवारणी चालू होती, ते नाहीं म्हणतील असें वाटलें होतें. त्यांनीं आमटी वाढून घेतली व म्हणाले, “सकाळीं किती वाजतां?” आणि महिन्यांचा ठराव यापुढें आम्हीं करावयाचा नाहीं, आई म्हणेल तेव्हां म्हणेल तिकडे, एवढें मात्र दोघांनींही कबूल केलें. आईनें त्यावर अक्षरही काढलें नाहीं. पण ताटांतला भात तिनें संपविला.

दुसऱ्या दिवशीं पहाटे निघालों. पुढच्या सलग आसनावर तिघे बसलों, आई मध्यें. समुद्रावरची दमट हवा असतांही पट्ट्यानें आवाज केला नाहीं. फोंडाघाटाच्या चढणीवर आमचा डोळा उष्णतेच्या कांट्यावर होता, बंधूंचाही होता; कांटा मध्यावरून हलला नाहीं. अर्ध्या घाटांत आई म्हणाली, “आज गाडी वरडत नाय ती?”

आम्हीं सांगितलें कीं, ओरडत नाहीं. मग ती आपण होऊन बोलूं लागली, आणि दाजीपूर येईपर्यंत बोलत होती.