एका ॲरेतले घटक दुसऱ्या ॲरेत शोधणे

एका ॲरेतले घटक दुसऱ्या ॲरेत आहेत की नाहीत, हे तपासण्याचे काम प्रोग्रॅमिंगमध्ये रोज पडते. मुंबई मेट्रोच्या दोन मार्गिका घ्या. मेट्रो ९ च्या पहिल्या टप्प्यात दहिसर पूर्व, पांडुरंगवाडी, मीरागाव आणि काशीगाव ही चार स्थानके आहेत. मेट्रो ७ ची सुरुवातीची पाच स्थानके म्हणजे दहिसर पूर्व, ओवरीपाडा, राष्ट्रीय उद्यान, देवीपाडा आणि मागाठाणे. काशीगावहून निघालेल्या प्रवाशाला गाडी कुठे बदलता येईल, याचे उत्तर या दोन याद्यांत समाईक असलेल्या नावात आहे: दहिसर पूर्व.

तपासणी सुरू करण्याआधी नेमके काय विचारायचे आहे, ते ठरवावे लागते. पहिल्या यादीतला निदान एक घटक दुसरीत आहे का, सगळेच आहेत का, की कोणकोणते आहेत, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नात एक जुळणी सापडली की काम थांबवता येते, दुसऱ्यात एक घटक गैरहजर निघाला की थांबवता येते. तिसऱ्यासाठी पहिली यादी शेवटपर्यंत तपासावी लागते. पायथॉनमध्ये पहिल्या दोन प्रश्नांसाठी ‘एनी’ आणि ‘ऑल’, तर जावास्क्रिप्टमध्ये ‘सम’ आणि ‘एव्हरी’ वापरतात. तिसऱ्यासाठी ‘फिल्टर’ किंवा सेटचा छेद उपयोगी पडतो.

सर्वांत सरळ रीत म्हणजे लूपमध्ये लूप. पहिल्या यादीतले प्रत्येक नाव दुसरीतल्या प्रत्येक नावाशी ताडून पाहायचे. चार आणि पाच स्थानकांसाठी जास्तीत जास्त २० तुलना होतात, आणि एवढ्या कामाला ही रीत उत्तम आहे. याद्या मोठ्या झाल्या की मात्र ती कोलमडते. प्रत्येकी एक लाख नावांच्या दोन याद्या असतील, तर तुलनांची संख्या १,००० कोटींपर्यंत जाते. जावास्क्रिप्टमधले ‘इन्क्लूड्स’ एका ओळीत लिहून होते, पण आतून तेही यादी क्रमाने चाळते. ते लूपमध्ये ठेवले की हिशोब तोच राहतो.

दुसरी रीत क्रमवारीची. दुसरी यादी आधी क्रमाने लावून घेतली, की द्विभाजन शोधात दर पावलाला उरलेली निम्मी यादी बाद होते. एक लाख नावांत एक नाव शोधायला सुमारे १७ पावले पुरतात. म्हणजे क्रमवारीचा खर्च वगळता सगळे काम सुमारे १७ लाख पावलांत आटोपते.

तिसरी आणि आज सर्वाधिक रुळलेली रीत हॅशिंगची. आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये ही कल्पना मांडली. प्रत्येक नावावरून एक संख्या काढतात आणि त्या संख्येवरून नावाची जागा ठरवतात. शोधतानाही तीच संख्या काढून थेट त्या जागी पाहायचे. दुसऱ्या यादीचा सेट एकदा बनवला, की पहिलीतल्या प्रत्येक नावाला सरासरी एका धावेत उत्तर मिळते. एकूण काम दोन्ही याद्यांच्या लांबीच्या बेरजेइतके होते, गुणाकाराइतके नाही. त्यासाठी जादा मेमरी मोजावी लागते. सेटमध्ये एकच नाव दोनदा राहत नाही, त्यामुळे एखादे नाव किती वेळा आले हे महत्त्वाचे असेल, तर सेटऐवजी नावागणिक मोजणी ठेवावी.

रीत कोणतीही निवडली, तरी दोन घटक ‘सारखे’ केव्हा मानायचे, हे आधी ठरवावे लागते. संगणक अर्थ पाहत नाही, संकेतांक पाहतो. ‘काशीगाव’ आणि ‘काशिगाव’ त्याच्या लेखी दोन निराळी गावे आहेत. मराठीत याहून अवघड अडचण आहे, कारण काही फरक डोळ्यांना दिसतच नाहीत. ‘ॲन्थनी’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये एका संकेतांकाने लिहिता येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही लिहिता येतो. ‘कोपऱ्याजवळ’मधला अर्धा ‘ऱ’ स्वतंत्र संकेतांकाने येतो, तसाच जुन्या टंकलेखनात ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांतूनही येतो. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण या दोन जोड्या एकरूप करत नाही. ते काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच करावे लागते. अदृश्य चिन्ह सरसकट पुसून टाकणे हा त्यावर उपाय नव्हे. तसे केले तर जुन्या पद्धतीने लिहिलेल्या डोंगरातल्या ‘दऱ्या’ समुद्राच्या ‘दर्या’त मिसळून जातात. ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह हा क्रम आधी ‘ऱ्’मध्ये बदलावा, मगच तुलना करावी.

उलट टोकाला, नावे तंतोतंत जुळली म्हणून माणसे एकच ठरत नाहीत. २०२५-२६ च्या महापालिका निवडणुकांच्या वेळी राज्य निवडणूक आयोगाने मतदार यादीतल्या संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले आणि पुढची खातरजमा माणसांवर सोपवली. एकाच नावाचे दोन मतदार एका शहरात राहू शकतात, म्हणून ‘संभाव्य’ हा शब्द तिथे हवाच होता. शक्य असेल तिथे नावाऐवजी ओळख क्रमांकावर जुळणी करावी. तो नसेल, तर सापडलेली जुळणी सूचना मानावी, निर्णय नव्हे.

सारांश असा: याद्या लहान असतील तर साधा लूप, मोठ्या असतील तर सेट, आणि क्रमवारी आधीच लावलेली असेल तर द्विभाजन. मराठी नावांच्या याद्या हाताळणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या चाचण्यांत ‘ॲ’ आणि ‘ऱ्य’ दोन्ही पद्धतींनी लिहिलेली नावे जरूर ठेवावीत. ती न ठेवल्यास प्रोग्रॅम वेगाने चालेल, पण यादीत असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणेल.