दुसरी किल्ली

गावात कुणी विचारलं, "तू नेमकं काय काम करतोस रे?" तर हल्ली मी सरळ सांगतो, "किल्ल्या सांभाळतो." कवठे महांकाळमध्ये घरात बसून कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाला एका वाक्याचं उत्तर तयार ठेवावंच लागतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभी नोकरी बँकेत कॅशिअर म्हणून काढली. त्यामुळं विचारणाऱ्याला वाटतं, पोरगाही बापाच्याच वळणावर गेला. तसं ते फारसं खोटंही नाही.

तर या किल्ल्या म्हणजे काय? तुम्ही मोबाईलवर एखादं ॲप उघडता तेव्हा ते ॲप मागच्या बाजूला दहा दारं ठोठावत असतं. डेटाबेसचं दार, एसएमएस पाठवणाऱ्याचं दार, पैसे वळते करणाऱ्याचं दार. प्रत्येक दारावर पासवर्ड किंवा तसलंच काहीतरी लांबलचक मागतात. आमच्या धंद्यात या सगळ्यांना मिळून 'सिक्रेट्स' म्हणतात. माणसाचा पासवर्ड निदान डोक्यात तरी ठेवता येतो. प्रोग्रॅमचा पासवर्ड मात्र कुठंतरी लिहूनच ठेवावा लागतो. कुठं लिहायचा, हाच खरा प्रश्न.

बरीच वर्षं लोक तो प्रोग्रॅममध्येच लिहायचे. म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवण्यातला प्रकार. टोयोटासारख्या कंपनीला २०२२ मध्ये जाहीर करावं लागलं, की कंत्राटदारानं गिटहबवर उघड्यावर टाकलेल्या प्रोग्रॅममध्ये त्यांच्या सर्व्हरची किल्ली होती. डिसेंबर २०१७ पासून जवळजवळ पाच वर्षं. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते बाहेर गेले असण्याची शक्यता त्यांनीच कबूल केली.

म्हणून मग तिजोऱ्या आल्या. हॅशिकॉर्पची 'वॉल्ट' २०१५ साली आली, ॲमेझॉनची 'सिक्रेट्स मॅनेजर' २०१८ साली. वॉल्टची गंमत अशी, की ती सुरू होते तेव्हा बंद असते. उघडायच्या किल्लीचे पाच तुकडे केलेले असतात आणि त्यांतले कुठलेही तीन एकत्र आल्याशिवाय ती उघडत नाही. आदी शामीर नावाच्या गणितज्ञानं १९७९ मध्ये मांडलेली ही युक्ती. हे मी अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग आमची जॉइंट कस्टडी काय वेगळी होती? मॅनेजरची एक आणि माझी एक. दोघं असल्याशिवाय तिजोरी उघडतीय होय?"

इथपर्यंत सगळं ठीक. पण खरी भानगड पुढं आहे. मोठ्या कामात तिजोरी एक नसते. जुना पसारा कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर, त्याच्या किल्ल्या वॉल्टमध्ये. नवा पसारा ॲमेझॉनच्या मुंबईतल्या केंद्रावर, त्याच्या किल्ल्या तिथल्या तिजोरीत. आणि प्रोग्रॅम चालवणारं कुबरनेटिस स्वतःची तिसरीच डबी बाळगून. वर प्रत्येक गोष्टीचे तीन संसार: बनवण्याचा, तपासण्याचा आणि खऱ्या गिऱ्हाइकांचा. तीन त्रिक नऊ डब्या झाल्या. एका डबीतली किल्ली बदलली की ती बाकीच्या योग्य त्या डब्यांत पोचली पाहिजे, आणि नको त्या डबीत अजिबात पोचता कामा नये. हे पोचवणं म्हणजे माझं काम.

तुम्ही म्हणाल, यात काय अवघड? एक प्रोग्रॅम लिहा, दर पाच मिनिटांनी नकला करत बसेल. तसे प्रोग्रॅम तयारच मिळतात. पण नक्कल पोचली म्हणजे काम झालं, या समजुतीचं काय होतं ते एका गिऱ्हाइकाकडं पाहायला मिळालं. त्यांच्या ॲपवरून द्राक्ष-बेदाणावाल्या शेतकऱ्यांच्या खात्यावर मालाचे पैसे जात. व्यवस्था आधीच्या लोकांनी बसवलेली, मी नुकताच तिथं आलेलो. ठरल्याप्रमाणं रात्री डेटाबेसचा पासवर्ड बदलला. पाच मिनिटांत तो दुसऱ्या तिजोरीत गेला, तिथून कुबरनेटिसच्या डबीत गेला. सगळीकडं हिरव्या खुणा. पण चालू असलेल्या प्रोग्रॅमनं किल्ली सुरू होताना एकदाच वाचलेली. त्याच्या खिशात जुनीच. रात्रभर उघडी राहिलेली दारं उघडी होती म्हणून काही कळलं नाही. सकाळी ती मिटली आणि नव्यानं उघडायची वेळ आली, तेव्हा एकही उघडेना. दोन तास पैसे अडकले. मजुरांचा पगार वाटायला बसलेल्या बागायतदाराला तुमच्या हिरव्या खुणा काय सांगणार?

त्या दिवशी अण्णांना विचारलं, "तुमच्याकडं किल्ल्या बदलायची काय रीत होती?" मग कळलं. तिजोरीचा दुसरा जोड कधी त्याच शाखेत ठेवत नसत. लाखेनं सील करून दुसऱ्या शाखेत जमा. ठरावीक मुदतीनं तो मागवायचा, वापरायला घ्यायचा आणि वापरातला जोड तिकडं पाठवायचा. रजिस्टरवर दोघांच्या सह्या. "पण आलेली किल्ली आधी कुलपात फिरवून बघायची. ती फिरल्याशिवाय जुनी हातातनं सोडायची न्हाई," अण्णा म्हणाले. "सही काय, कुणीबी करतंय."

आमच्याकडंही नंतर नेमकं हेच केलं. डेटाबेसवर एकाऐवजी दोन नावं ठेवली, दोघांचे पासवर्ड आळीपाळीनं बदलायचे. नवी किल्ली सगळीकडं पोचते, प्रोग्रॅम ती घेऊन नव्यानं सुरू होतात, प्रत्येकजण दार उघडून दाखवतो. तोवर जुनी चालूच. कुणीही जुनी वापरत नाही याची खात्री झाली की मग ती रद्द.

दुसरा नियम केला तो दिशेचा. आमच्या तालुक्याला म्हैसाळ योजनेचं पाणी येतं. कृष्णेतून उचलायचं, टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं. पाणी कुठून कुठं जाणार हे ठरलेलं आहे म्हणून ती योजना. किल्ल्यांचंही तसंच. दोन्ही तिजोऱ्यांत बदल करता येतो आणि दोन्ही एकमेकींना नकला पाठवतात, अशी व्यवस्था असली की खरी कुठली हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय नक्कल करणारा प्रोग्रॅम मोठा इमानदार. इकडं कुणी चुकून किल्ली पुसली तर तिकडचीही तितक्याच निष्ठेनं पुसतो. म्हणून प्रत्येक किल्लीचं उगमस्थान एकच, बाकी सगळ्या नकला.

आणि संसार वेगळे ते वेगळेच. किल्ल्यांच्या नावांची यादी तिन्हीकडं सारखी हवी, एकही नाव कमी असेल तर काम पुढं सरकू द्यायचं नाही. पण किल्ल्या मात्र तीन निरनिराळ्या. तपासणीच्या संसारात दहा जणांचा वावर असतो. खऱ्या तिजोरीची किल्ली तिथं गेली तर वरची सगळी व्यवस्था फुकट.

अण्णांची बँकेतली सवय घरातही होती, हे मला फार उशिरा कळलं. घरच्या लोखंडी कपाटाची दुसरी किल्ली मिरजेच्या आत्याकडं असते. दर भाऊबीजेला आत्या ती घेऊन येते, अण्णा ती कपाटाला लावून बघतात आणि परत तिच्या पर्समध्ये टाकतात. लहानपणी मला हा ओवाळणीतलाच काहीतरी प्रकार वाटायचा. एके वर्षी कुलूप बदललं, तेव्हा नवी किल्लीही याच रीतीनं फिरवून गेली.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना रात्री मिरजेला दवाखान्यात हलवलं. विम्याची कागदं कपाटात, आणि गडबडीत अण्णांची किल्ली कुठं पडली ते सापडेना. आईला काही सुचेना. मी आत्याकडची किल्ली घेऊन पहाटे गावाकडं आलो. कपाटासमोर उभा राहिलो तेव्हा हात थरथरत होता, पण ही लागेल की नाही अशी शंका मनात आली नाही. मागच्याच भाऊबीजेला ती फिरलेली मी स्वतः पाहिली होती.

अण्णा आता बरे आहेत. किल्ली पुन्हा आत्याकडं गेली.