गळतीचा हिशेब

माणसाने स्वतःची हौस खुशाल करावी; दुसऱ्याची हौस सांभाळायला घेऊ नये. आमच्या मेहुण्यांनी परदेशी जाताना त्यांची जुनी सॅन स्टॉर्म वाशीमला आमच्या टिनाच्या शेडमध्ये आणून उभी केली. गोव्यात तयार झालेली, फायबरच्या अंगाची, कापडी छपराची, दोघांपुरती स्पोर्ट्स कार! वाशीम १९९८ साली जिल्हा झाला. गाडीही साधारण त्याच पिढीतली. "दाजी, रविवारी एकदा सुरू करत जा," एवढीच मेहुण्यांची आज्ञा.

पहिली बॅटरी म्हातारपणाने गेली. मी गुपचूप नवी आणली आणि बिल सौभाग्यवतींच्या दृष्टीस पडू नये म्हणून वॉरंटी कार्डासकट डॅशबोर्डच्या कप्प्यात सारलं. पुढच्या रविवारी किल्ली फिरवली, तर नुसतं 'टक्'! चार्ज करून आणली. पुढच्या रविवारी पुन्हा 'टक्'. चार्जिंगच्या चिठ्ठ्याही त्याच कप्प्यात गेल्या. शेवटी चिरंजीव चोरून रेडिओ ऐकतात असा ठपका ठेवला आणि दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने बॅटरी तपासली. "भाऊ, बॅटरीचा काई दोष नाई. गाडी झोपली, पन तिच्यात कोनीतरी जागं हाय."

त्याने बॅटरीची ऋण तार सोडवून मध्ये मीटर जोडला. बंद गाडीने ५० मिलिअँपिअरपर्यंत खाल्लं तर चालतं म्हणे. इथे आकडा होता ०.४२ अँपिअर! मी मनात भागाकार केला. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी, म्हणजे साडेतीन दिवसांत खातं शून्य. रविवारी भरलेली बॅटरी बुधवारी संध्याकाळी गतप्राण.

बँकेत पाच रुपयांचा फरक सापडेना की आम्ही एकेक व्हाउचर काढतो, तसा तो एकेक फ्यूज काढून पाहू लागला. उघड्या दारामुळे आतला दिवा लागू नये म्हणून मी दाराची कळ अंगठ्याने दाबून उभा. रेडिओचा फ्यूज निघाला, आकडा ०.४०. म्हणजे रेडिओचा गुन्हा अवघा ०.०२! चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. मी टिनाकडे पाहिलं.

रेडिओचा फ्यूज परत बसवून पुढचा काढला आणि आकडा धाडकन ०.०२ वर आला. तो फ्यूज कप्प्याचा. आधीच्या मालकाने हौसेने तिथे पाच वॅटचा दिवा बसवला होता. झाकण पुरतं मिटलं तरच विझणारा. इलेक्ट्रिशियनने फ्यूज लावून, बोटभर उघडं राहिलेलं झाकण ओढलं. आत लख्ख उजेड, आणि त्या उजेडात बिल, वॉरंटी कार्ड अन् सहा चिठ्ठ्या! त्यांच्यामुळेच झाकण मिटत नव्हतं. बॅटरी मारत होती ती तिच्याच खरेदीची लपवाछपवी.

नेमक्या तेव्हाच सौभाग्यवती चहा घेऊन आल्या. "अहो, हे काय?"

इतक्या उजेडात खोटं बोलणं मला जमलं नाही. बिल दाखवलं, बोलणी खाल्ली, चिरंजीवांची रीतसर माफी मागितली. आता गाडी दर रविवारी पहिल्या किल्लीला सुरू होते. चिठ्ठ्या घरच्या फाइलीत असतात, आणि रेडिओ चिरंजीवांच्या ताब्यात. तेवढी ०.०२ची गळती मी मंजूर केली आहे.