गाठ उजळते तेव्हा

पहिल्या दिवशी मला पडद्यावर दोन्ही स्तन पेटलेले दिसले. शिरेतून गॅडोलिनियम दिल्यानंतरच्या प्रतिमेतून आधीची प्रतिमा वजा केली की औषध जिथे पोचलं तेवढा भाग उजळ उरतो, आणि उजळ भागाकडे संशयानं बघायचं, एवढं वाचून मी रेडिऑलॉजीच्या पहिल्या वर्षात ब्रेस्ट एमआरआयच्या पोस्टिंगला आले होते. इथे तर बोट ठेवायला काळी जागा नव्हती. माझ्या घशाला कोरड पडली. मॅडमनी एवढंच विचारलं, "पाळीचा कितवा दिवस?" मी बघितलंच नव्हतं. फॉर्मवर लिहिलं होतं, चोविसावा. मासिक चक्राच्या उत्तरार्धात हार्मोन्समुळे निरोगी ऊतीसुद्धा औषध ओढून घेते, म्हणून घाई नसेल तर तपासणी सातव्या ते चौदाव्या दिवसांत ठेवतात. मी ज्याला आजार समजून घाबरले होते, ते त्या बाईंचं नेहमीचं शरीर होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कन्सोलपाशी पाळीची तारीख आधी विचारू लागले. पण गोंधळ कमी झाला नाही, त्यानं फक्त जागा बदलली.

कर्करोगाची गाठ उजळते कारण तिला वाढायला रक्त लागतं आणि ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या उगवून घेते. या वाहिन्या घाईत जोडलेल्या पाइपांसारख्या असतात. औषध भसकन आत येतं, सांध्यांतून पाझरतं आणि तितक्याच लगबगीनं बाहेर जातं. म्हणून औषध दिल्यावर दर मिनिट-दीड मिनिटाला प्रतिमा घेत राहायचं आणि उजळपणाचा आलेख काढायचा. हळूहळू चढतच राहिला तर बहुधा साधी गाठ. चढून सपाट झाला तर शंका. झपकन चढून उतरला, ज्याला आम्ही वॉशआउट म्हणतो, तर शंका गडद. मला हे इतकं आवडलं की आठवडाभर मी गाठीचा आकार बघायच्या आधी आलेखच काढत होते. शेवटी प्रश्नाला उत्तर असल्यासारखं वाटत होतं.

मग मॅडमनी १९९९ सालचा क्रिस्टियाने कूल यांचा बॉनमधला अभ्यास वाचायला दिला. २६६ गाठी, त्यांतल्या १०१ कर्करोगाच्या. कर्करोगाच्या ५८ गाठींत वॉशआउट होता, तर १६५ साध्या गाठींपैकी फक्त ९ मध्ये. फरक खरा आहे, मोठा आहे. पण कर्करोगाच्या ९ गाठींचा आलेख अगदी साध्या गाठीसारखा संथ चढत गेलेला होता. त्या ९ वर मी अडकले. माझ्या आठवडाभराच्या पद्धतीनं मी त्या प्रत्येकीला 'काळजीचं कारण नाही' लिहिलं असतं.

उलटंही घडतं. एका तरुण मुलीच्या स्तनातली मसुराएवढी गोष्ट झपकन उजळून उतरली आणि माझा हात थरथरला. ती लसीकेची गाठ निघाली. कडा गुळगुळीत, एका बाजूला चरबीची खोबण, अगदी घेवड्याच्या दाण्यासारखी. आधी आकार बघितला असता तर आलेख काढायची गरजच नव्हती.

एकाच खुणेवर भिस्त ठेवणारी मी पहिली नव्हते. १९७१ साली रेमंड डमॅडियन यांनी उंदरांच्या अर्बुदांमध्ये दाखवून दिलं की चुंबकीय धक्क्यानंतर तिथलं पाणी पूर्वस्थितीला यायला निरोगी ऊतीपेक्षा जास्त वेळ घेतं. केवळ पाण्याच्या वेळेवरून कर्करोग ओळखता येईल, ही केवढी सुंदर आशा होती! स्तनात ती पुरी पडली नाही. साध्या आणि वाईट गाठींच्या वेळा एकमेकींत मिसळतात.

एमआरआयच्याच डिफ्यूजन या प्रकारात पुन्हा पाणीच बघतात, पण त्याची हालचाल. पेशी दाटीवाटीनं असतील तर पाण्याच्या रेणूंना सरकायला जागा मिळत नाही, आणि एडीसी नावाचा आकडा खाली येतो. १ च्या आसपास किंवा त्याखाली आला की आम्ही सावध होतो. दीडच्या पुष्कळ वर गेला की जरा निवांत. एका गाठीचा २ च्या वर आला. पाणी उजळ दाखवणाऱ्या टी-टू प्रतिमेत ती दिव्यासारखी पांढरी. मी फायब्रोॲडिनोमा, म्हणजे साधी गाठ, असं लिहिलं. मॅडमनी एक कड मोठी करून दाखवली, ती कुरतडल्यासारखी होती. बायॉप्सीत म्युसिनस कार्सिनोमा आला. त्या कर्करोगात चिकट द्रव साठलेला असतो आणि त्यात पाणी मोकळं फिरतं. उलट गळवातल्या घट्ट पुवात एडीसी पडतो आणि तो कर्करोग नसतो. स्पेक्ट्रोस्कोपीत कर्करोगाची खूण म्हणून ३.२ पीपीएमला कोलीन या रसायनाचा कळस शोधतात. दिल्लीच्या एम्समध्ये या कोलीनवर बरंच काम झालेलं आहे. पण अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनातही तो दिसू शकतो.

मी मॅडमना विचारलं, मग यातलं खरं काय मानायचं? त्या म्हणाल्या, "आधी आकार, कड, आतली घडण. मग आलेख. मग एडीसी. एका खुणेनं सांगितलेलं दुसरीला विचारायचं."

गेल्या आठवड्यात कराडकडच्या एक मावशी आल्या. मंगळसूत्र काढायला तयार नव्हत्या, शेवटी लेकीच्या मुठीत दिलं. पालथं झोपवून, स्तन कॉइलच्या खोबणीत नीट आहेत ना ते मी दोनदा बघितलं. गाठ लंबगोल, तीन बाजूंनी गुळगुळीत, चौथी कड अस्पष्ट. आलेख चढून सपाट. एडीसी १.३. मी बायरॅड्स ४, म्हणजे संशयास्पद गाठींचा वर्ग, लिहिलं, मॅडमनी सही केली. या एका वर्गात कर्करोगाची शक्यता २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत काहीही असू शकते, हे मला अजून पचत नाही.

बाहेर आल्यावर मावशींनी माझा हात धरला. "डॉक्टरबाई, गाठ साधीच हाय न्हवं?"

पूर्वी मी अशा वेळी रिपोर्ट उद्या मिळेल म्हणून निघून जायचे. या वेळी बाकावर बसले. म्हटलं, "मावशी, गाठ कशी वागते ते मशीननं दाखवलं. ती कशाची आहे ते सुईनं तुकडा काढल्यावर कळेल."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. सलाइनची सुई काढलेल्या हातावर कापूस होता, त्यामुळे मंगळसूत्राचा आकडा त्यांना लावता येईना. मी लावून दिला.

"मग सुई कधी?"

"बुधवारी," मी म्हटलं आणि फॉर्मवर तारीख घातली.