तेलकट पाणी आणि मेम्ब्रेन

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाच्या पूर्वेला चिकलठाणा आणि पश्चिमेला वाळूज, या दोन्ही औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग घडवणारे कारखाने आहेत. अशा कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात (ईटीपी) वापरून झालेले कूलंट, सुटे भाग धुतलेले पाणी आणि यंत्रांतून गळलेले हायड्रॉलिक तेल एकत्र येते. मोकळ्या तेलाचा तवंग स्किमरने निघतो. कूलंटमधले तेल मात्र चिवट. इमल्सिफायरमुळे त्याचे थेंब 20 मायक्रॉनपेक्षाही बारीक राहतात, आणि बीकरमध्ये रात्रभर ठेवलेला नमुना सकाळीही ताकासारखा पांढराच दिसतो. तेल-पाण्याचे हे इमल्शन आम्लाने किंवा तुरटीने फोडावे लागते. मग हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांबरोबर तेल वर येते. ईटीपीचा खरा कस इथेच लागतो, कारण इथली कसूर पुढे भरून निघत नाही.

उरलेले तेल पुढे हवा सोडलेल्या एरेशन टाकीत जिवाणू खातात. पण कूलंट सडू नये म्हणून त्यात जिवाणूनाशके घातलेली असतात. कूलंट बदलण्याच्या दिवशी सगळे पाणी एकदम सोडले, तर एरेशन टाकीतले जिवाणू मरतात. ते वेगळे साठवून थोडे थोडे सोडणे हाच उपाय. जिवाणूंना वाढीसाठी लागणारे नत्र आणि स्फुरद तेलात पुरेसे नसते. म्हणून बीओडी (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी) 100 असेल तर नत्र 5 आणि स्फुरद 1 या प्रमाणात युरिया व डीएपी द्यावे लागते.

नेहमीच्या पद्धतीत जिवाणूंचा गाळ पुढच्या टाकीच्या तळाशी बसतो आणि वरचे पाणी बाहेर जाते. तेल चिकटलेला गाळ नीट बसत नाही, पाण्याबरोबर वाहून जातो. 1989 मध्ये जपानमध्ये काझुओ यामामोटो आणि सहकाऱ्यांनी पोकळ तंतूंची मेम्ब्रेन थेट एरेशन टाकीतच बुडवली. तिच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून पाणी ओढले जाते, जिवाणू आतच राहतात. त्यामुळे लिटरमागे 3-4 ग्रॅमऐवजी 8 ते 12 ग्रॅम गाळ टाकीत ठेवता येतो. तेलाचे विघटन करणारे जिवाणू सावकाश वाढतात; त्यांना हवा असलेला वेळ इथे मिळतो, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण.

मेम्ब्रेन चोक होऊ लागली की तेवढेच पाणी ओढायला जास्त दाब लागतो. जिवाणूंचा थर हायपोक्लोराइटने निघतो, क्षार सायट्रिक आम्लाने. तेलाचा थर या दोन्हींना सहज दाद देत नाही. मेम्ब्रेन लावली म्हणून स्किमरकडे दुर्लक्ष करणे म्हणूनच महागात पडते.

जलस्रोतांत सोडायच्या पाण्यात तेल व ग्रीस लिटरला 10 मिलिग्रॅमपर्यंतच चालते. शहरातून वाहणारी खाम नदी गोदावरीला मिळते, आणि शहराला पिण्याचे पाणी त्याच गोदावरीवरच्या जायकवाडी धरणातून येते.