कातड्याएवढी राजधानी

जामसर गावाच्या पाड्यांवरून जव्हारला जाणे हा अंतराच्या हिशेबाने प्रवास नव्हे. मात्र धुतलेले कपडे, तेल लावून चोपून बसवलेले केस, पदराच्या गाठीत बांधलेले पैसे आणि एसटीची वा जीपची वाट पाहत रस्त्याकडेच्या झाडाखाली काढलेला अर्धा तास, एवढे सगळे ज्या जाण्याला लागते त्याला नुसते 'कामाला जाणे' म्हणणेही बरोबर होत नाही. पाडा म्हणजे महसुली गावाच्या हद्दीत शेताडीच्या आणि डोंगरउताराच्या सोयीने विखुरलेली घरांची लहान वस्ती, आणि असे अनेक पाडे मिळून एक गाव होत असल्यामुळे इथल्या माणसाला स्वतःच्या गावातही बरेच चालावे लागते. पण जव्हारला जायचे ठरले की त्याच चालण्याला वेगळी लय येते. दाखला काढायचा असो, दवाखाना असो की नातवाला वह्या घ्यायच्या असोत, काम हे बहुतेक वेळा निमित्त असते. राजधानीला जायला निमित्त लागतेच.

जव्हार ही राजधानी होती, ही गोष्ट पालघर जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला सांगावी लागते. मुकणे या महादेव कोळी घराण्याचे संस्थान, म्हणजे इंग्रजी अमलातही स्वतःचा राजा राखून असलेले राज्य, चौदाव्या शतकापासून १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत इथून चालले. १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने या घराण्याला मान्यता दिली असे परंपरा सांगते. त्याच्या उगमाची दंतकथा तर फारच चतुर आहे. मूळ पुरुष जयबा याने तिथल्या सत्ताधाऱ्याकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, ती मिळताच कातड्याची बारीक वादी कापली आणि त्या वादीने डोंगर वेढून टाकला. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज वसवणाऱ्या दिदो राणीविषयीही हुबेहूब हीच कथा सांगितली जाते, आणि ही युक्ती समुद्र ओलांडून सह्याद्रीत आली की दोन्हीकडे आपापली सुचली, हा प्रश्न लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी खुशाल चघळावा. कातडे सोलणाऱ्या आणि वादी कापणाऱ्या माणसाला या युक्तीचे नवल वाटण्याचे कारण नाही.

युरोपातील राजधान्यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातले वाचनीय भाग राजवाड्यांचे नसून एका पेल्याच्या मोबदल्यात वर्तमानपत्रासह अख्खी दुपार काढू देणाऱ्या व्हिएन्नाच्या कॉफीघरांचे, किंवा लिस्बनच्या चढावांवरून घरांना घासत जाणाऱ्या अठ्ठावीस क्रमांकाच्या ट्रामचे आहेत. म्हणजे राजधानी कितीही थोर असली तरी तिथल्या रहिवाशाचे सुख चहाच्या कपाएवढेच असते. तसे असेल तर जव्हारची तुलना पॅरिसशी न करता फाडुत्सशी करावी. आल्प्सच्या पायथ्याशी वसलेली ही लिश्टेनस्टाईनची राजधानी. त्या देशाचे क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, तर जव्हार संस्थानाचे ३१० चौरस मैल, म्हणजे सुमारे ८०० चौरस किलोमीटर होते. फाडुत्सची वस्ती सहा हजारांच्या आत आहे, जव्हार शहराची २०११ च्या जनगणनेत बारा हजारांच्या घरात होती. दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहेत आणि दोन्हींना रेल्वे स्थानक नाही. फरक इतकाच की लिश्टेनस्टाईन घराण्याने आपली जमीन १६९९ आणि १७१२ मध्ये रोख पैसे मोजून विकत घेतली. कातड्याची युक्ती त्यांना सुचली नसावी. त्यांचा राष्ट्रीय दिनही १५ ऑगस्टलाच येतो, आणि त्या दिवशी राजघराणे प्रजेला किल्ल्याच्या बागेत पेयपानासाठी बोलावते. जव्हारला त्याच तारखेला झेंडावंदन होते आणि धो धो पाऊस असतो.

जामसरसारख्या गावांना मात्र राजधानी दिसते ती आठवडे बाजारात. पावसाच्या पहिल्या सरींनंतर जमिनीतून वर येणारे शेवळाचे कोंब, म्हणजे सुरणाच्या कुळातील एका रानभाजीचे तपकिरी-जांभळे फुलोरे, बायका पहाटे रानातून खुडून आणतात आणि रस्त्याकडेला पानावर त्यांचे वाटे मांडतात. वाटा म्हणजे तराजूशिवाय, मुठीच्या आणि नजरेच्या मापाने लावलेला ढीग. प्रत्येक वाट्याशेजारी काकडाच्या आंबट हिरव्या फळांची चिमूट ठेवलेली असते, कारण शेवळ घशाला खाजते आणि काकडाशिवाय ते शिजवू नये हे ज्ञान भाजीबरोबरच विकायचे असते. गिऱ्हाईक वाटा उचलते, हातात तोलल्यासारखे करते, तोंड वाकडे करते. विकणारी बाई न बोलता वर दोन कोंब टाकते आणि व्यवहार पुरा होतो. त्याच पैशांतून थोड्या वेळाने ती सुक्या मासळीच्या ओळीत बसून बोंबलाच्या काड्या वाकवून पाहते. डोंगर खाली रान पाठवतो आणि किनारा वर खारा वास पाठवतो, ही देवाणघेवाण संस्थानापेक्षाही जुनी असावी. मग भज्यांचा कागद, कपभर चहा, मुलाला बर्फाचा गोळा. कागदावरचे तेल पुसून तो घडी घालून ठेवणारे हात बाजारात आजही दिसतात.

जव्हारच्या पश्चिम कड्यावरचा सनसेट पॉइंट, हनुमान पॉइंट आणि राजा यशवंतराव मुकणे यांनी बांधलेला जयविलास राजवाडा, ज्याला जुनी माणसे राजबारी म्हणतात, ही मुंबई-नाशिकहून येणाऱ्या पाहुण्यांची ठिकाणे आहेत. सूर्य जामसरलाही रोजच मावळतो, त्यामुळे तो पाहायला कोणी तिकडून मुद्दाम येत नाही. पण दूरच्या पाड्यावर दिलेली लेक आणि तिची आई बाजाराच्या दिवशी एकमेकींना भेटतात ती मात्र ठरवून. उभ्याउभ्या, पिशव्या खाली न ठेवता, तासभर चालणारी ही भेट कोणत्याही पर्यटन नकाशावर दाखवलेली नाही. १९१८ पासून नगरपालिका असलेल्या या गावात बाकांची संख्या त्या मानाने कमीच आहे.

वर्षातून एकदा हा प्रवास उलटा होतो आणि दरबार पाड्यांवर येतो. बोहाडा हा जव्हार-मोखाड्यातील मुखवट्यांचा उत्सव होळीनंतरच्या उन्हाळी रात्रींत चालतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे रंगवलेले मुखवटे चढवून गणपती, शारदा, नरसिंह, रावण अशी सोंगे एकामागून एक येतात, संबळ आणि पिपाणीच्या ठेक्यावर पावले टाकत पुढे जातात आणि थोडे मागे हटतात. मोठा मुखवटा इतका जड असतो की नाचणाऱ्याला तो दोन्ही हातांनी सावरावा लागतो, आणि मशालीच्या उजेडात देवाच्या हनुवटीखाली घामाने निथळणारी माणसाची मान दिसते. लहान मुले पेंगत, दचकून जागी होत, पुन्हा पेंगत पहाट गाठतात, कारण महिषासुराशी देवीचे युद्ध शेवटी असते आणि ते चुकवणे म्हणजे रात्र वाया घालवणे. या रात्रीला अभ्यासक लोकनाट्य म्हणतात, ते खरेच आहे. पण चटईवर बसून शेजारणीच्या खांद्यावर मान टाकून पाहिलेल्या नाटकाला त्या शब्दात पुरेशी जागा नाही.

या सुखांच्या दिनदर्शिकेला एक मोठे भोक आहे. भात आणि नागली घरात आली की अनेक कुटुंबे वीटभट्टीवर आणि बांधकामावर भिवंडी, वसईकडे निघतात. घराला कडी, कोंबड्या शेजाऱ्याकडे आणि म्हातारी माणसे अंगणात. पावसाळ्यात धबधब्यांनी गाजणारा हाच डोंगर उन्हाळ्यात हंड्याहंड्याला महाग होतो, कारण काळ्या कातळावर पडलेले पाणी मुरण्याआधीच समुद्राकडे धावते. त्या महिन्यांत जव्हारला जाणेही कमी होते, आणि झाले तरी भजी घेतली जात नाहीत.

अलीकडे जव्हारच्या शेतांत मोगरा आला आहे. त्याच्या कळ्या सकाळी, मिटलेल्या असतानाच खुडाव्या लागतात, कारण उमललेल्या फुलाला बाजारात भाव नाही. बोटांच्या टोकांनी देठाशी चिमटा घेत, कमरेच्या ओच्यात कळ्या जमा करत बायका ओळीतून पुढे सरकतात आणि वजन होऊन माल दादरला रवाना होतो. त्या कळ्या उमलतात संध्याकाळी, मुंबईत, लोकलमध्ये उभ्या असलेल्या कुणाच्या तरी वेणीवर. सकाळी खुडणाऱ्या बोटांना तोवर थोडा हिरवा चीक चिकटलेला असतो, वास नाही.