हिशोबाला पक्की

पायथन या संगणकभाषेतली डिक्शनरी, म्हणजे नावागणिक नोंद ठेवणारी वही, बोलायला कमी, पण हिशोबाला पक्की. सातारा जिल्ह्यातल्या सोयाबीनच्या आवकेची साधी टेक्स्ट फाइल तिच्यापुढे ठेवा. दर ओळीत तालुका, मग स्वल्पविराम आणि क्विंटल: कऱ्हाड ४०, पाटण १२, पुन्हा कऱ्हाड २५. एकेक ओळ वाचायची, स्वल्पविरामापाशी तोडायची आणि आकडा त्या तालुक्याच्या नावावर जमा करायचा. ओळी लाखभर असल्या तरी जिल्ह्याचे तालुके अकरा, म्हणून नावं एकसारखी लिहिली असतील तर तिच्याकडे नोंदीही अकराच. फाइल वाचून संपली की बेरजा तयार.

घराणं जुनं आहे. १९७७ साली बेल लॅब्जमध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन यांनी 'ऑक' ही भाषा घडवली, तिच्यात अशी बेरीज एका ओळीत होत असे. पायथनमधली ही लेक त्याच वळणाची. नाव शोधायला ती पहिल्या नोंदीपासून चाळत बसत नाही. नावावरून 'हॅश' नावाचा आकडा काढते आणि थेट त्या कप्प्याशी जाते. नोंदी दहा असोत की दहा लाख, तिला सरासरी वेळ सारखाच लागतो.

स्वभाव मात्र करारी. नसलेलं नाव विचारलं, तर मनाचं काही सांगत नाही. सरळ 'की-एरर' देते. 'गेट' वापरून "नसेल तर शून्य धर" असं सांगितलं, तरच शून्य धरते, आणि नव्या तालुक्याची बेरीज तिथून सुरू होते. फाइलमधून आलेला '४०' हा तिच्या लेखी आकडा नव्हे, अक्षरंच. तसाच ठेवून त्याला '२५' जोडलं, तर ६५ नाही, '४०२५' हाती येतं. आधी 'इंट' वापरून त्याचा आकडा करून घ्यावा लागतो. देवनागरी अंक असले तरी 'इंट' ते बिनतक्रार वाचतं.

तिचा खरा कस नावांवर लागतो. 'कऱ्हाड' आणि 'कराड' तिच्यासाठी दोन गावं. नावामागे एक रिकामी जागा राहिली, तर तिसरं. त्याहून अवघड गोष्ट 'ऱ'ची: युनिकोडमध्ये तो एकच चिन्ह म्हणून लिहिता येतो, तसाच 'र'ला नुक्ता जोडूनही. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात, पण ती दोन्हींची वेगळी खाती उघडते आणि कऱ्हाडची आवक विभागली जाते. एकही एरर येत नाही. 'स्ट्रिप'ने रिकाम्या जागा काढल्या आणि सगळी नावं युनिकोडच्या 'एनएफसी' या एकसारख्या रूपात आणली, की ही दोन दुखणी जातात. कराड-कऱ्हाडचा निवाडा मात्र माणसानेच करायचा.

हा तिचा हट्ट नव्हे, सचोटी आहे. सारखं दिसतं म्हणून दोन खाती परस्पर एक करणाऱ्या कारकुनावर कोण विश्वास ठेवील? नावं निवडून, स्वच्छ करून देणं हे आपलं काम. म्हणून बेरीज कोणाला दाखवण्याआधी आकड्यांवरून नव्हे, नावांवरून एकदा नजर फिरवा.